मोठं जनावर, लाल, शिंगे नाहीत

सलग दुसऱ्या दुष्काळी वर्षी, ज्येष्ठातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरच्या गावी चारा छावणीच्या नोंदवहीत एका उघड्या टपाच्या दोन-सीटर मोटारीची मोठं जनावर म्हणून नोंद झाली. रंग : लाल. शिंगे : नाहीत. राखणदार म्हणून माझ्या दाजींचं नाव लिहिलं गेलं. जनावराचा बिल्ला कानात अडकवायचा असतो. तो डाव्या आरशाला तारेने बांधला.

मी तेव्हा बीडच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि टँकरच्या बातमीसाठी गावात गेलो होतो. नोंद होताना हजर होतो. बातमी दिली नाही. राखणदार नात्यातला होता.

गाव मांजरसुंब्याच्या घाटाच्या पायथ्याशी आहे. कपिलधारचा धबधबा तिथून जवळ. त्या वर्षी तो कोरडा होता आणि आलेले भाविक कोरड्या खडकाचे फोटो काढून परत जात होते.

दाजी सहकारी साखर कारखान्यात टर्बाईन विभागात फिटर होते. ऊस नसल्यामुळे कारखान्याचे दोन हंगाम झाले नव्हते आणि बॉयलर थंड होता. तरी दाजी एक दिवसाआड सायकलवर कारखान्यात जायचे आणि टर्बाईनचा शाफ्ट हाताने अर्धा फेरा फिरवून परत यायचे. शाफ्ट एकाच जागी पडून राहिला तर वाकतो, एवढंच कारण ते सांगत. त्यांना हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. वॉचमन त्यांना आत सोडायचा, कारण त्यालाही दुसरं काम नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ऊसतोडीचा मुकादम दोनदा घरी येऊन गेला. पश्चिमेकडच्या कारखान्यांना टोळ्या हव्या होत्या. आमच्याकडे तोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. ताईची कंबर बऱ्याच वर्षांपासून धरलेली होती. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते. मुकादमाने पोळ्यापर्यंत होय की नाही ते कळवा, असं सांगितलं. दाजींनी त्याला चहा दिला आणि उत्तर दिलं नाही.

मोटार कारखान्याच्या माजी चेअरमनची होती. हैदराबादच्या एका नवाबी घराण्याचं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी ती तरुणपणी आणली होती. विलायती बनावट, खाली बसकी, लांब नाकाची. गळीत हंगामाच्या मोळीपूजनाला ते तीच घेऊन येत. रस्त्यापासून तिची उंची इतकी कमी होती की उभ्या सभासदांना चेअरमनची फक्त टोपी दिसायची. पहिल्या दुष्काळी वर्षी रेडिएटरमध्ये पाणी नसताना चेअरमननी ती बीडहून आणली आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला. तसलं इंजिन मिळणार नव्हतं. दाजींनी तिच्यात एका मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन उंच होतं, बोनेट लागेना. दाजींनी बोनेटला भोक पाडलं आणि वर घमेलं उलटं ठेवून चार बोल्टांनी आवळलं.

गाडी चालू झाली, पण घाट चढेना. इंजिनाचं वजन जास्त आणि ताकद कमी. घाटात चेअरमनच्या मागून एक ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन आला आणि पुढे निघून गेला. ट्रॅक्टरवाला कारखान्याचा जुना सभासद होता; जाताना त्याने स्टिअरिंगवरचा हात काढून नमस्कार केला. नमस्कार चेअरमनना लागला. घरी येऊन त्यांनी दाजींना बोलावलं आणि गाडीला जोर पाहिजे, एवढं सांगितलं.

त्याच सुमारास पुण्याचे एक गृहस्थ आले. त्यांचं जुन्या मोटारी दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं आणि अशी गाडी इकडे आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी बोनेट उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "हे इंजिन हिचं नाही."

"न्हाई. जीपचं हाय," दाजी म्हणाले.

"आणि हे घमेलं?"

"घमेलं घरचं हाय."

गृहस्थांनी इंजिनाच्या पायांचं वेल्डिंग बोटाने चाचपलं, गाडीखाली आडवे होऊन पाहिलं, शर्ट झटकला आणि हे काम कोणी शिकवलं ते विचारलं. दाजींनी टर्बाईनचं सांगितलं. आता काय करणार आहात, असं विचारल्यावर दाजी म्हणाले, टर्बो बसवणार. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी अट घातली : टर्बो बसवून ही गाडी मांजरसुंब्याचा घाट न थांबता चढली, ते स्वतः शेजारी बसलेले असताना, तर त्यांच्या वर्कशॉपमध्ये दाजींना नोकरी आणि राहायला खोली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते बार्शीहून परत जाताना येतील. चढली नाही तर चहा पिऊन जातील.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. खोलीत दोघांना राहता येईल का, एवढंच तिने विचारलं. येईल, असं ते म्हणाले.

टर्बो म्हणजे काय, हे दाजींनी मला छावणीच्या मागे बसून समजावलं. ते म्हणाले, हे आपल्या कारखान्याचंच टर्बाईन हाय, वाफेच्या जागी धूर. सायलेन्सरमधून फुकट जाणारा धूर एका पंख्यावर सोडायचा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. इंजिन जास्त हवा खातं, जास्त डिझेल जाळतं, जास्त जोर करतं. मी विचारलं, मग अडचण काय? "लई गरम होतं," ते म्हणाले.

टर्बो एका बोअरवेलच्या ट्रकमधून मिळाला. त्या भागातल्या बोअर इतक्या खोल गेल्या होत्या आणि इतक्या कोरड्या निघाल्या होत्या की बोअरवाला ट्रक विकून गेवराईच्या रस्त्यावर ढाबा चालवत होता. बाकीचं सामान सहकारातून आलं. सांध्यांत घालायचा, वाफेच्या लाइनीचा गॅस्केट पत्रा कारखान्याच्या भंगारातून. दाबलेली हवा थंड करायला नळ्यांचं वेटोळं दूध संस्थेच्या बंद पडलेल्या शीतकरणाच्या टाकीतून. दूध नव्हतं, त्यामुळे टाकीला काम नव्हतं. हवेचा दाब दाखवणारं घड्याळ बॉयलरवरचं होतं. ते जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर बसवावं लागलं. बॉयलरच्या मानाने टर्बोचा दाब इतका कमी की पूर्ण जोर लागला तरी काटा पहिल्या रेघेच्या अलीकडे थरथरायचा. दाजींनी तिथे खडूने आपली एक रेघ ओढली.

पहिल्या चाचणीत गाडी गावच्या वेशीपर्यंत शिट्टी वाजवत गेली आणि वेशीत उकळली. रेडिएटरला पाणी, वेटोळ्याला पाणी. दाजींच्या हिशेबाने रोज चार हंडे लागणार होते. गावात टँकर चार दिवसांनी यायचा आणि पाणी माणशी मोजून मिळायचं. चेअरमननी गाडी टँकरच्या रांगेत आणली. रांगेतल्या एका म्हातारीने हंडा खाली ठेवला आणि विचारलं, "माणसाला दोन हंडे अन् हिला चार? ही कुणाच्या रेशनकार्डात हाय बाबा?"

चेअरमननी गाडी परत फिरवली. माणसांचं पाणी घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि ते पुढेही पाळलं. पण गावात दुसरं पाणी एकाच ठिकाणी होतं : छावणीच्या हौदात. छावणी दूध संस्था चालवत होती आणि चेअरमन दूध संस्थेचेही चेअरमन होते. हौदाचं पाणी बिल्ला पाहून मिळायचं.

ती नोंद मी पाहिली. छावणीचा कारकून संस्थेचाच जुना सचिव होता. रकाने छापील होते आणि एकही रिकामा सोडायचा नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती. त्याने जातीच्या रकान्यात विलायती लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "दूध, साहेब?"

चेअरमन म्हणाले, "भाकड लिही."

तिसऱ्या दावणीला, एका म्हशीच्या शेजारी, गाडीला जागा मिळाली. पुढचा बंपर खुंटीला दोरीने बांधला, कारण जनावर मोकळं ठेवायचं नाही असा नियम होता. बिल्ल्यावर पाण्याबरोबर चाराही मिळायचा. उसाच्या वाढ्यांची पेंढी सकाळी घमेल्यासमोर टाकली जायची आणि ती शेजारची म्हैस खायची. आषाढात छावणीतली बाकीची जनावरं वाळत होती तेव्हा ही म्हैस अंगानं भरली. तिच्या मालकाने एकदा दाजींना बाजूला घेऊन विचारलं की काम झाल्यावरही गाडी इथंच राहील ना.

राखणदाराने छावणीतच राहायचं असतं. दाजींनी खाट आणून गाडीशेजारी टाकली. ताई डबा घेऊन यायची. ती खाटेवर न बसता गाडीत बसायची, कारण सीट टेकून बसलं की कंबर कमी दुखते असं तिच्या लक्षात आलं होतं. छावणीतल्या बायका तिला हसायच्या. एकीने विचारलं, "म्हशीवर बसून कुठं निघालीस बाई?" ताई म्हणाली, पुण्याला. त्यावर त्या आणखी हसल्या. ताईने ते थट्टेने म्हटलं नव्हतं.

श्रावणात मंडळ अधिकारी बदलून नवे आले. त्यांना सगळे सर्कलसाहेब म्हणत. ते कडक होते. बोगस जनावरांच्या तक्रारी सगळीकडे होत्या, त्यामुळे त्यांनी रोज संध्याकाळी पाचला स्वतः मोजणी सुरू केली. नोंदीतलं एक जरी जनावर जागेवर नसलं तर दुसऱ्या दिवशी छावणीचा टँकर बंद. पहिल्या दिवशी ते गाडीपाशी आले, बिल्ला वाचला, नोंदवही पाहिली, परत बिल्ला वाचला. नोंद आधीच्या अधिकाऱ्याच्या सहीची होती. ती चुकीची ठरवायची तर चौकशी लावावी लागेल आणि चौकशी संपेपर्यंत छावणी बंद ठेवावी लागेल, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. नोंदीत आहे आणि जागेवर आहे, तर आपल्याला हरकत घेता येत नाही, असंही सांगितलं. त्यांनी टिकमार्क केली आणि म्हशीकडे वळले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुण्याचे गृहस्थ दुपारी दोनला येणार होते. ते चार वाजून दहा मिनिटांनी आले. येडशीजवळ त्यांच्या गाडीचं टायर फुटलं होतं. पाचला मोजणी होती. दाजींनी चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी छावणीतल्या जनावरांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी टँकर बंद म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल तहानलेले, आणि हे सगळ्या गावाला दिसणार. उद्या करू, असं चेअरमन म्हणाले. गृहस्थ म्हणाले, त्यांना आजच पुण्याला पोचायचं आहे. मुकादम छावणीच्या फाटकाशी बसला होता. त्यालाही उत्तर त्याच दिवशी हवं होतं.

दाजींनी दोरी सोडली. "पाचला दावणीला असंल," एवढं म्हणाले. गाडीला दोनच जागा असल्यामुळे चेअरमन खाली राहिले.

मी मोटारसायकलवर मागे निघालो, पण पहिल्या वळणानंतर गाडी मला दिसली नाही. घाटातलं पुढचं दाजींनी आणि त्या गृहस्थांनी मला वेगवेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात जुळतं तेवढंच देतो. पहिल्या चढावर गाडी दमली. बोअरच्या ट्रकचा टर्बो मोठा होता आणि त्याला फिरायला वेळ लागायचा. गृहस्थ म्हणाले, संपलं. दाजी म्हणाले, थांबा, धूर भरू द्या. मग शिट्टी सुरू झाली. बॉयलरच्या घड्याळाचा काटा खडूच्या रेघेवर गेला आणि रेघ ओलांडली. दुसऱ्या वळणावर पुढे एक पाण्याचा टँकर चालला होता. गाडी त्याच्या शेजारून गेली. टँकरच्या झाकणातून पाणी हिंदकळत होतं आणि त्यातलं थोडं घमेल्यावर पडून त्याची वाफ झाली. तिसऱ्या वळणावर घमेल्याचे दोन बोल्ट तुटले. माथ्यावर गाडी थांबली नाही. दाजींनी चालत्या गाडीतच वळसा घेतला. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की दाजींच्या मते वळसा मुद्दाम घेतला आणि गृहस्थांच्या मते ब्रेक लागत नव्हते.

माझी आणि त्यांची गाठ मध्ये पडली तेव्हा ते खाली येत होते. गृहस्थांनी दोन्ही हातांनी घमेलं दाबून धरलं होतं.

पाच वाजून चार मिनिटांनी सर्कलसाहेब तिसऱ्या दावणीला पोचले. रिकाम्या खुंटीसमोर थांबून त्यांनी पेन उघडलं. तेवढ्यात गाडी फाटकातून आत आली, वाफ सोडत, आणि कडब्याच्या गंजीत शिरून थांबली. खुंटीपासून अंतर सुमारे वीस पावलं होतं. दोरी तेवढी लांब नव्हती. सर्कलसाहेबांनी विचारलं, जनावर जागेवर आहे का? कारकून म्हणाला, चाऱ्याजवळ हाय साहेब. त्यांनी विचार केला आणि टिकमार्क केली.

गृहस्थ गाडीतून उतरले तेव्हा त्यांचे तळवे भाजलेले होते. ताईने त्यावर कोरफड लावली. त्यांनी दाजींना सोमवारी हजर व्हायला सांगितलं. गाडीही हवी म्हणाले. तिला बघून वर्कशॉपमधल्या पोरांना काही शिकता येईल. चेअरमननी आधी विचारलं, वर जाताना किती जणांना मागं टाकलं? एका टँकरला, असं कळल्यावर ते खाटेवर बसले आणि न्या म्हणाले.

तेव्हा सर्कलसाहेबांनी नियम वाचून दाखवला. राखणदाराला जनावर सोडून छावणीबाहेर राहता येत नाही, आणि छावणी उठेपर्यंत जनावर बाहेर काढता येत नाही. छावणी पाऊस पडल्यावर उठणार होती. नोंद कमी करायला दोनच कारणं छापलेली होती : आजारी आणि मयत. दोन्हींना ढोरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो.

फाटकाशी बसलेला मुकादम उठला आणि मग मी तुमचं नाव लिहितो, असं दाजींना म्हणाला. ताई म्हणाली, "आणखी पोळा उजाडायचाय. बसा."

डॉक्टर पोळ्याच्या दिवशी सकाळी आले. ते गाडीभोवती दोनदा फिरले. आजारी लिहिता येणार नाही, म्हणाले, कारण मग उपचार लिहावे लागतील. मग त्यांनी बोनेटवर नळी लावून ऐकलं. श्वास नाही. ठोका नाही. हेडलाइटसमोर हात हलवून पाहिला. म्हणाले, "मयत मी लिहू शकतो. यात काही खोटं नाही."

पंचनामा झाला. पाच पंचांनी सह्या केल्या, त्यांतला एक म्हशीचा मालक होता आणि त्याने सर्वांत शेवटी केली. मालक म्हणून चेअरमननी भरपाई मागणार नाही असं लिहून दिलं. मृत जनावराची विल्हेवाट चोवीस तासांत लावायची असते. ठेकेदार म्हणून पुण्याच्या गृहस्थांचं नाव घातलं आणि त्यांनी फोनवरून होकार दिला. शेवटचा रकाना होता : मृत जनावर वाहून नेणाऱ्या वाहनाचा क्रमांक. कारकुनाने सर्कलसाहेबांकडे पाहिलं. सर्कलसाहेबांनी गाडीच्या पाटीकडे पाहून क्रमांक सांगितला.

बिल्ला सोडवून घेतल्यामुळे हौदाचं पाणी बंद झालं. ताईने घरातलं दोन दिवसांचं वापरायचं पाणी दोन कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दाजींनी सेल्फ मारला. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. ताई शेजारी बसली, बॉयलरचं घड्याळ गुडघ्यांना लागत होतं म्हणून पाय आखडून. कॅन, वळकटी आणि हत्यारांची पेटी मागे बांधली होती. सर्कलसाहेबांनी फाटकाशी उभं राहून मयत जनावर बाहेर गेल्याची वेळ लिहिली. घाटात शिट्टी बराच वेळ ऐकू येत होती.

पाटोद्याला एकदा, जामखेडला दोनदा आणि नगरच्या पुढे एकदा पाणी घालावं लागलं. अंधार पडायच्या आत ताईचा पोचल्याचा फोन आला. खोलीला नळ आहे, असं तिने सांगितलं.

मुकादमाची टोळी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात गेली. तिच्यात गावातले नऊ कोयते होते. दाजींचं नाव यादीत नव्हतं.